ग्राही, संदेश आणि पाठभेद : बृहदांत्राच्या कर्करोगातील पेशीव्यवहार

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या वाटेवर, बावडा हे गाव आहे. पुढे नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. उसाच्या या मुलखातील एखादा रोगी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी पुण्यास अथवा मुंबईस गेला, आणि रोग आतड्याबाहेर, बहुधा यकृतात, पसरलेला आढळला, तर आजच्या वैद्यकाच्या रीतीप्रमाणे त्याच्या गाठीचा तुकडा एका विशेष परीक्षेसाठी पाठविला जातो. काही दिवसांनी त्या परीक्षेचा इंग्रजी कागद घरी येतो. 'केरास : वाइल्ड टाइप' अशी एक ओळ त्यावर असू शकते. घरात ज्यास इंग्रजी येते त्याच्याकडे तो कागद वाचावयास दिला जाणार हे उघड आहे. आणि शाळेत शिकलेल्या अर्थाने त्याने ती ओळ वाचली तर रोगाने रानटी रूप धारण केले आहे, अशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या ओळीचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. ज्या जनुकाची परीक्षा केली त्यात बिघाड आढळला नाही, आणि म्हणून एक विशिष्ट औषध उपयोगी पडण्याची आशा धरण्यास जागा आहे, एवढेच ती ओळ सांगते.

ही अडचण केवळ एका शब्दाच्या भाषांतराची नाही. आधुनिक पेशीविज्ञानाने आपली परिभाषा मोठ्या प्रमाणावर भाषाव्यवहारातून उचललेली आहे. संदेश, संकेत, ग्राही, प्रतिसाद, प्रतिलेखन, भाषांतर हे शब्द तेथे रूपके राहिलेली नसून पारिभाषिक संज्ञा झाल्या आहेत. रूपकाची संज्ञा झाली म्हणजे ते आपल्या मूळ अर्थाचे ओझे विसरते असे मात्र नाही. बृहदांत्राच्या कर्करोगाचा गेल्या काही दशकांतील अभ्यास पाहिला तर असे दिसते की, ग्राहीविषयीच्या एका रूपकाने चिकित्सेस प्रथम वाट दाखविली आणि नंतर काही वर्षे चुकविलीही.

हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने महाराष्ट्रात कमी आढळतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील अशी देशातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली, आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत आली. बावड्याच्या परिसराशी शेती, आहार व राहणी या बाबतींत साम्य असलेला हाच सर्वांत जवळचा असा प्रदेश की ज्याची दीर्घकालीन आकडेवारी उपलब्ध आहे. या नोंदींनुसार मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बार्शीकडे कमी, आणि मुंबईत पाश्चात्त्य नगरांपेक्षा कित्येक पटींनी कमी आहे. तथापि प्रमाण कमी म्हणून रोग सौम्य, असा निष्कर्ष निघत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या अशा रोग्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतले आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांचा रोग निदानाच्या वेळीच पुढे गेलेला असतो. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, ही खेड्यापाड्यांतून रूढ असलेली समजूत त्यास काही अंशी कारण आहे.

'ग्राही' या शब्दाचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पाउल एर्लिख यांनी, विशिष्ट विषद्रव्ये विशिष्ट पेशींनाच का बाधतात याचा उलगडा करताना, पेशीच्या अंगी त्या द्रव्यास धरून ठेवणारे भाग असतात अशी कल्पना मांडली आणि त्यांस 'रिसेप्टर' हे नाव दिले. सुमारे त्याच काळात, १९०५ मध्ये, केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली यांनी स्नायूवर निकोटीन व क्युरारी यांचे परिणाम अभ्यासून 'ग्रहणशील द्रव्य' असे पद योजिले. दोघांपैकी कोणीही ग्राही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. परिणामावरून कारणाचे अनुमान करावे आणि त्या अनुमित कारणास नाव द्यावे, असा हा प्रकार होता. दोन्ही नावांत मात्र एक सूक्ष्म भेद आहे. एर्लिख यांच्या शब्दात 'धरणे' प्रधान आहे, तर लँग्ली यांच्या पदात धरल्यानंतर पेशीत काही घडून येणे अभिप्रेत आहे.

मराठीत 'ग्राही' हा शब्द 'ग्रह्' धातूपासून कर्त्रर्थी साधलेला आहे. त्याच धातूचा 'ग्राहक' हा शब्दही सुचविला गेला असता; परंतु तो मराठीत बाजारपेठेने इतका व्यापलेला आहे की, शास्त्रीय लेखनात तो आणणे म्हणजे पेशीच्या दारी गिऱ्हाईक उभे करणे होय. म्हणून 'ग्राही' हीच संज्ञा ग्राह्य ठरते. पण तिच्यातही एर्लिख यांचाच अर्थ आहे. घेणारा तो ग्राही. घेतलेल्याचे पुढे काय होते याविषयी हा शब्द मौन पाळतो, आणि बृहदांत्राच्या कर्करोगात सर्व गुंतागुंत त्या 'पुढे'मध्येच आहे.

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात असंख्य सूक्ष्म कूपिका असतात. प्रत्येक कूपिकेच्या तळाशी थोड्या मूलपेशी असून त्यांच्या विभाजनाने नव्या पेशी निर्माण होतात, त्या हळूहळू वर सरकतात, पक्व होतात आणि अखेर गळून पडतात. हे सारे अस्तर सुमारे चार ते पाच दिवसांत नवे होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या ऊतकात वाढ कोठे सुरू व्हावी आणि कोठे थांबावी, याची व्यवस्था अत्यंत काटेकोर असणे प्राप्त आहे. ती व्यवस्था शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांनी चालते. संदेशवाहक रेणू पेशीच्या आत सहसा जात नाहीत. पेशीपटलातून आरपार गेलेले जे प्रथिनरेणू असतात, त्यांच्या बाहेरील भागास ते चिकटतात. आणि त्या चिकटण्याने आतील भागात जो बदल होतो तो पुढील प्रथिनांस कळतो. हे आरपार गेलेले प्रथिन म्हणजेच ग्राही.

कूपिकेच्या तळाशी जो संदेश सर्वांत बलवान असतो त्याचे नाव 'विंट'. हे नाव दोन भिन्न शब्दांच्या जोडणीतून झालेले आहे आणि त्यातील अर्धा वाटा भारतीय आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांस फळमाशीचा पंख नसलेला एक प्रकार आढळला. त्यांनी तो १९७३ मध्ये 'विंगलेस' या नावाने नोंदविला, आणि १९७६ मध्ये शर्मा व व्ही. एल. चोप्रा यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत न्यूसे व व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनार्बुदांत 'इंट' या नावाचे एक जनुक सापडले. (उंदरांतील स्तनार्बुद हा विषय महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. मूळच्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यावर दीर्घकाळ काम केले होते.) १९८७ मध्ये असे निष्पन्न झाले की, माशीचा पंख घालविणारे जनुक आणि उंदराच्या अर्बुदातील जनुक ही मुळात एकाच कुळातील आहेत. विंगलेसमधील 'डब्ल्यू' आणि इंटमधील अक्षरे यांचा संधी होऊन 'विंट' शब्द तयार झाला.

विंटचा ग्राही 'फ्रिझल्ड' या नावाने ओळखला जातो. त्याची कार्यपद्धती व्याकरणाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. पेशीत 'बीटा-कॅटेनिन' नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते, आणि 'एपीसी' व त्याचे सहकारी ते सतत नष्ट करीत असतात. विंट फ्रिझल्डला चिकटला म्हणजे हा नाश थांबतो, बीटा-कॅटेनिन साठते, पेशीकेंद्रात शिरते आणि विभाजनास अनुकूल अशी जनुके जागी करते. म्हणजे विंटचा संदेश 'वाढ' असा विध्यर्थी नाही. तो 'नष्ट करू नको' असा आहे. निषेधाच्या निषेधातून येथे विधी सिद्ध होतो.

मोठ्या आतड्याच्या दर पाच कर्करोगांपैकी सुमारे चारांत एपीसी हे जनुकच बिघडलेले असते. नाश करणारा हात लुळा पडला म्हणजे संदेश येवो वा न येवो, बीटा-कॅटेनिन साठतच जाते. विंट आलेला नाही, फ्रिझल्डने काही घेतलेले नाही, तरी पेशी मात्र संदेश मिळाल्यासारखी वागत राहते. ज्या कुटुंबांत एपीसीचा बिघाड आनुवंशिक असतो त्यांतील व्यक्तींच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो मांसांकुर उगवतात, आणि ते वेळीच काढले नाहीत तर त्यांपैकी एखाद्याचा कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते. येथे ग्राही निर्दोष आहे. दोष ग्राहीच्या पलीकडे, आतील साखळीत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

विंट हा वाढीचा एक संदेश झाला. दुसरा, आणि चिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, संदेश अमेरिकेत स्टॅन्ले कोहेन यांनी शोधला. नवजात उंदरांस एक अर्क टोचला असता त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, असे त्यांस आढळले. आणि त्या अर्कातील कार्यकारी प्रथिन त्यांनी १९६२ मध्ये वेगळे केले. त्यास 'अधित्वचेचा वृद्धिघटक', संक्षेपाने ईजीएफ, असे नाव पडले. या कामाबद्दल कोहेन यांस १९८६ चे नोबेल पारितोषिक रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासमवेत मिळाले. ईजीएफचा ग्राही तो ईजीएफआर. त्याचा एक भाग पेशीबाहेर, मधला पटलात आणि तिसरा पेशीच्या आत असतो. बाहेर वृद्धिघटक चिकटला की असे दोन ग्राही एकमेकांजवळ येऊन जोडी करतात आणि आतील भाग परस्परांवर फॉस्फेटचे गट बसवितात. या फॉस्फेटांच्या खुणा पाहून आतील प्रथिने तेथे गोळा होतात आणि 'रास' नावाचे एक लहान प्रथिन जागे होते. रास या नावाचा धान्याच्या राशीशी अथवा रासक्रीडेशी संबंध नाही. उंदराच्या जातीतील एका अर्बुदाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. रास जागे झाले की ते 'रॅफ' या प्रथिनास जागे करते, तेथून पुढे आणखी दोन पायऱ्या, आणि अखेर पेशीकेंद्रात विभाजनाची आज्ञा पोचते.

आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत पेशींवर ईजीएफआर आढळतो. कित्येकदा विपुल आढळतो. तेव्हा हा ग्राही झाकून टाकावा, म्हणजे संदेश पोचणार नाही आणि वाढ थांबेल, हा विचार सरळ होता. ईजीएफआरच्या बाहेरील भागास घट्ट चिकटून वृद्धिघटकाची जागा अडविणारे 'सेटक्सिमॅब' हे प्रतिपिंड तयार करण्यात आले, आणि २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्याच्या वापरास संमती मिळाली. संमतीची अट अशी की, गाठीच्या पेशी रंगवून पाहता त्यांवर ईजीएफआर दिसला पाहिजे. ग्राही दिसला तर औषध द्यावे, न दिसला तर देऊ नये, ही अट कोणासही रास्तच वाटेल. परंतु प्रत्यक्ष अनुभव निराळा आला. ज्यांच्या पेशींवर ग्राही ठळकपणे दिसत होता अशा पुष्कळांस औषधाचा काडीचाही उपयोग झाला नाही. उलट ज्यांच्यात तो दिसला नव्हता अशा काहींस गुण आला. ग्राहीच्या असण्यानसण्यावरून औषधाच्या फळाचे भाकित करता येईना.

चूक कोठे होती? ती गणितात नव्हती, प्रयोगातही नव्हती. ती बऱ्याच अंशी उपमेत होती. या साखळीस इंग्रजीत प्रवाहाची भाषा लावतात. ग्राही तो उगमाकडचा, रास व रॅफ हे प्रवाहाच्या खालच्या अंगाचे. इंदापूर तालुक्यातील वाचकास ही उपमा निराळी समजावून सांगावयास नको. १८८५ पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्याइतका तिचा अर्थ कोणास कळणार? वरचे दार पडले की खालच्या चारीत पाणी येत नाही. चारीवरचे दार मोडून उघडेच राहिले असले तरी वरून पाणी नाही म्हटल्यावर पीक वाळणारच. या न्यायाने ग्राही बंद केला की खालचे सर्व आपोआप बंद पडावयास हवे. पण पेशीतील संदेश पाण्यासारखा वाहत नाही. ईजीएफआरकडून रासकडे कोणताही पदार्थ जात नाही. जाते ती केवळ सूचना. रास आपले काम करते ते पेशीत सर्वत्र असलेल्या स्वतःच्या ऊर्जाद्रव्याच्या बळावर.

म्हणून याच मुलखातील दुसरी उपमा अधिक सार्थ ठरेल. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर घ्यावा. हिरवे बटण दाबले की आतील कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोटार चालू होते. तांबडे दाबले की ते सुटतात. पण कॉन्टॅक्ट जळून एकमेकांस चिकटले, तर बटणास कोणी हात लावो न लावो, मोटार चालतच राहते. अशा वेळी हिरव्या बटणावर झाकण बसवून काय उपयोग? ग्राही म्हणजे बटण, रास म्हणजे कॉन्टॅक्ट.

रासची नित्याची रीत अशी की, 'जीटीपी' हा रेणू जोडला असताना ते जागे असते, आणि त्यातील एक फॉस्फेट तोडून टाकताच निद्रिस्त होते. हे तोडण्याचे काम रास स्वतःच करते, म्हणजे जागृतीबरोबरच झोपेची सोयही त्याच्यापाशीच आहे. रासच्या तीन भावंडांपैकी 'केरास' हे आतड्याच्या कर्करोगात सर्वाधिक बिघडते. त्याच्या प्रथिनशृंखलेत बाराव्या स्थानी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्ल असते, आणि त्यासाठी जनुकात 'जीजीटी' हा तीन अक्षरांचा शब्द असतो. मधले एक अक्षर बदलून 'जीएटी' झाले की ग्लायसीनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल येते. सुमारे एकशे नव्वद घटकांच्या शृंखलेत एका घटकाचा हा फरक, पण त्यामुळे फॉस्फेट तोडण्याची क्रिया अडते आणि रास जागेच राहते. बृहदांत्राच्या शंभर कर्करोगांत सुमारे चाळिसांत केरासमध्ये या स्थानी अथवा लगतच्या स्थानी असा बदल सापडतो. त्याच्या 'एनरास' या भावंडातील बदल आणि दोन्ही जनुकांतील इतर स्थाने जमेस धरली तर ही संख्या निम्म्याच्या आसपास जाते.

२००६ पासून याची सूचक निरीक्षणे येऊ लागली होती. २००८ मध्ये मोठ्या चिकित्साप्रयोगांतील जपून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासल्यावर शंका उरली नाही. केरास बदललेल्या रोग्यांस ईजीएफआर झाकणाऱ्या औषधाचा लाभ होत नव्हता. लाभ होता तो ज्यांचे केरास अबाधित होते त्यांतीलच काहींस. पुढे असेही दिसले की, रास बदललेले असताना काही औषधयोजनांत हे प्रतिपिंड मिसळल्याने रोग्याची अवस्था न मिसळण्यापेक्षा वाईट होते. औषध महाग आहे, आणि त्याने अंगावर व तोंडावर त्रासदायक पुरळ उठते. कारण त्वचेच्या पेशीही याच ग्राहीवर अवलंबून असतात. तेव्हा परीक्षेवाचून औषध देणे म्हणजे सुमारे निम्म्या रोग्यांस खर्च आणि पुरळ तेवढे पदरात घालणे होय. बावड्याच्या त्या घरी येणाऱ्या कागदाचे प्रयोजन हेच.

यावरून ग्राहीचे महत्त्व संपले असा समज झाला असता; पण पुढील प्रकरणाने तोही टिकू दिला नाही. रॅफच्या कुळातील 'बीरॅफ' हे जनुक त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात पुष्कळदा, आणि बृहदांत्राच्या कर्करोगात शंभरांतील आठदहा वेळा, एकाच ठराविक स्थानी बदललेले असते. बदललेल्या बीरॅफला थोपविणारे औषध २०११ मध्ये मेलॅनोमासाठी संमत झाले व त्याचा प्रभाव डोळ्यांत भरण्यासारखा होता. तेच औषध, तोच बदल, पण आतड्याच्या कर्करोगात परिणाम जवळजवळ शून्य. २०१२ मध्ये आम्स्टरडॅम व बॉस्टन येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे याचे कारण दाखविले. साखळीच्या खालच्या टोकाकडून वर, ग्राहीकडे, सतत एक आवरणारी सूचना जात असते. बीरॅफ थोपविले की ही सूचना थांबते, मोकळा सुटलेला ईजीएफआर नव्या जोमाने जागा होतो आणि दुसऱ्या वाटेने वाढ चालू ठेवतो. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसा नसतो, म्हणून तेथे ही पळवाट नाही. उपाय ओघानेच आला : बीरॅफ आणि ईजीएफआर दोन्ही एकदम अडवावेत. अशा जोडऔषधास २०२० मध्ये अमेरिकेत संमती मिळाली. केरासच्या एका विरळ बदलावरील नव्या औषधांच्या बाबतीत हाच धडा गिरवावा लागला. २०२४ व २०२५ मध्ये ती संमत झाली तीही ईजीएफआरविरोधी प्रतिपिंडाच्या जोडीनेच. येथे स्टार्टरची उपमाही थिटी पडते. कारण कॉन्टॅक्ट दुरुस्त केल्याबरोबर बटण आपण होऊन दाबले जाते, असा स्टार्टर कोणाच्याही विहिरीवर नसेल. ही रचना एकतर्फी आज्ञेपेक्षा संभाषणाच्या जवळची आहे, ज्यात ऐकणाराही बोलणाऱ्यास मधूनमधून आवरीत असतो.

आतापर्यंतचे ग्राही वाढीच्या बाजूचे होते. ज्याचे काम वाढ थांबविणे आहे, असाही एक ग्राही आतड्याच्या पेशीवर असतो. 'टीजीएफ-बीटा' या नावाचा घटक त्यास चिकटला की पेशीचे विभाजन थांबते. काही कर्करोगांत पेशी या संदेशास बहिरी होते, आणि ती बहिरी कशी होते हे कळण्यास लिपीच्या अभ्यासकास फारसे कष्ट पडू नयेत. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी जनुकांची नक्कल होते, आणि नकलेतील चुका दुरुस्त करणारी प्रथिने, जणू मुद्रितशोधकच, मागोमाग फिरत असतात. हे मुद्रितशोधक निकामी झाले की चुका साठू लागतात. विशेषतः एकच अक्षर अनेकदा लागोपाठ आले असेल तेथे. हस्तलिखिते उतरून घेणाऱ्यांस हा अनुभव जुना आहे. टीजीएफ-बीटाच्या एका ग्राहीच्या जनुकात 'ए' हे अक्षर सलग दहा वेळा येते. नकलेत त्यातील एखादे सुटले, आणि ते सुटणे साधे नाही. कारण जनुकाची लिपी शब्दांत अंतर सोडीत नाही, ती आरंभापासून तीनतीन अक्षरांचे गट पाडीत वाचली जाते.

'जगत सकळ उमज' हे वाक्य तीनतीन अक्षरांनी वाचावयाचे आहे असे समजू. त्यातील 'ग' गळाला, तर वाचन 'जतस कळउ मज' असे होईल. एकच अक्षर गेले, पण त्यापुढील प्रत्येक शब्द मोडला. जनुकात तर अशा मोडतोडीतून लवकरच विरामाचा शब्द निर्माण होतो आणि प्रथिन अर्ध्यावर तुटते. टीजीएफ-बीटाचा हा ग्राही अशा वेळी पेशीपटलापर्यंत पोचेल इतकाही लांब राहत नाही. १९९५ मध्ये हे प्रथम दाखविले गेले. मुद्रितशोधक निकामी झालेले कर्करोग बृहदांत्राच्या एकूण कर्करोगांत शंभरांत सुमारे पंधरा असतात आणि त्यांपैकी बहुतेकांत हा ग्राही असाच तुटलेला सापडतो. काही कुटुंबांत मुद्रितशोधनाचा हा दोष वंशपरंपरेने येतो. त्या प्रकारास लिंच यांचे नाव आहे. अशा कर्करोगांचा एक उपकारक विशेषही सांगावयास हवा. चुकीच्या शब्दांतून निपजलेली विलक्षण प्रथिने शरीराच्या संरक्षक पेशींस परकी म्हणून ओळखू येतात, आणि त्या संरक्षक पेशींवरील 'पीडी-१' या आवरणाऱ्या ग्राहीस झाकले असता त्या कर्करोगावर तुटून पडतात.

आता पुन्हा त्या कागदाकडे वळता येईल. 'वाइल्ड टाइप' ही संज्ञा माशांच्या आनुवंशिकीतून आली. रानात, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर, जे रूप सर्वसाधारणपणे आढळते ते 'वाइल्ड', आणि प्रयोगशाळेत उद्भवलेले ते बदललेले रूप. पांढऱ्या डोळ्यांची माशी बदललेली, लाल डोळ्यांची रानातली. येथे रान म्हणजे निसर्ग, आणि निसर्ग म्हणजे नेहमीचे. ती संज्ञा माणसाच्या आतड्यातील गाठीस लावताच रानही गेले आणि माशीही गेली. उरला तो एक भयसूचक शब्द. 'वन्य प्रकार' हे तिचे शब्दशः मराठीकरण व्युत्पत्तीस धरून असले तरी रोग्याच्या दृष्टीने इंग्रजीपेक्षा काडीमात्र सरस नाही.

यासाठी दूर जावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य चालले, त्याच्या संदर्भात 'पाठ' आणि 'पाठभेद' हे शब्द मराठी विद्वानांच्या अंगवळणी पडलेले आहेत. जनुकातील बदलास 'पाठभेद' म्हटले तर अनेक गोष्टी एकदम साधतात. पाठभेद पुष्कळ असतात, बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि एखाद्याच अक्षराने अर्थ पालटतो, हे त्या शब्दात अध्याहृत आहे. 'वाइल्ड टाइप'ला 'मूळ पाठ' म्हणण्याचा मोह होईल. पण तो टाळावा, कारण मूळ पाठ हा संपादकाने सिद्ध करावयाचा असतो, आणि येथे अभिप्रेत आहे ते बहुसंख्य माणसांत आढळणारे रूप. 'प्रचलित पाठ' हे पद त्या मानाने निर्दोष आहे.

इंग्रजी ओळीखाली 'केरास, एनरास : प्रचलित पाठ, बदल आढळला नाही' अशी ओळ मराठीत छापण्यास अर्धा इंच जागा पुरेल. तिच्याशेजारी गाठ आतड्याच्या कोणत्या बाजूची होती तेही लिहिणे आवश्यक आहे. प्रचलित पाठ असूनही उजव्या बाजूच्या बृहदांत्रात उगम पावलेल्या गाठींस ईजीएफआर झाकणाऱ्या औषधाचा लाभ फारसा होत नाही; तो होतो मुख्यतः डाव्या बाजूच्या गाठींस, आणि महाराष्ट्रात वारंवार आढळणाऱ्या मलाशयाच्या कर्करोगाची गणना या डाव्या बाजूतच होते.